पाच वेळा खाली गेलेला डिफेंडर आणि दरवेळी त्याला उचलणारं कुणीतरी

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की आइसलंडचा हर्मन ह्रेदारसन हा डिफेंडर इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधून पाच वेळा रेलिगेट झाला, म्हणजे टीमसकट खालच्या लीगमध्ये उतरला, तरी २०१८ मध्ये केरळा ब्लास्टर्सने त्याला असिस्टंट कोच म्हणून का आणलं, अशा माणसाच्या करिअरला यशस्वी म्हणायचं का, आणि मुळात डिफेंडर चांगला कोच होतो का, कारण तू स्वतः लेफ्ट बॅक (डावीकडचा डिफेंडर) आहेस, वय २६, आणि कोचिंगच्या डी लायसन्सचा कोर्स आत्ता करावा का अजून दोन सीझन नुसतं खेळावं यात अडकलायस.

मी कोल्हापुरात पेठेच्या टीममधून चौदा वर्षं लेफ्ट बॅक खेळलो आणि आता एकोणीस वर्षं पोरांना शिकवतोय, त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे हे आधीच सांगून टाकतो. जरा लांबेल, पण प्रश्न चांगला आहे म्हणून सविस्तरच लिहितो.

पहिलं म्हणजे ते पाच वेळा रेलिगेट. आकडा खरा आहे. क्रिस्टल पॅलेस १९९८, विम्बल्डन २०००, इप्सविच २००२, चार्ल्टन २००७, पोर्ट्समथ २०१०. वेल्सचा नेथन ब्लेक नावाचा फॉरवर्ड होता, त्याच्या नावावरही पाचच आहेत. आता हे लोक नुसतं एवढंच वाचतात आणि म्हणतात पनवती आहे. मी तुला सांगतो त्या यादीच्या शेजारी अजून एक कॉलम काढ, खाली गेल्यावर पुढे त्याला कुणी घेतलं आणि काय किंमत देऊन घेतलं. तो कॉलम वाचला की सगळं चित्रच बदलतं.

बघ आता. १९९७ च्या उन्हाळ्यात तो आयबीव्ही हा आइसलंडमधला आपल्या बेटावरचा क्लब सोडून पॅलेसला आला, तेव्हा मॅनेजर होते स्टीव्ह कॉपेल (हेच कॉपेल पुढे २०१६ मध्ये केरळा ब्लास्टर्सला घेऊन आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) फायनलपर्यंत गेले, कोचीला पेनल्टीवर हरले, म्हणजे हर्मनच्या आधी त्याचा पहिला इंग्लिश साहेबच केरळात येऊन गेलेला). पॅलेस त्या सीझनला शेवटच्या नंबरावर. मग सप्टेंबर १९९८ मध्ये हा गेला कुठे, तर ब्रेंटफर्डला, म्हणजे थेट चौथ्या पातळीच्या लीगमध्ये. प्रीमियर लीग खेळून आलेला २४ वर्षांचा पोरगा तीन पायऱ्या खाली उतरला. आपल्याकडे एखाद्या पोराला सिनियर टीममधून बी टीममध्ये टाकलं की तो दोन महिने मैदानाकडे फिरकत नाही, आणि इथे हा गडी खाली जाऊन पूर्ण सीझन खेळला, ब्रेंटफर्डने ती डिव्हिजन जिंकली, आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये विम्बल्डनने साधारण २५ लाख पाउंड देऊन त्याला परत प्रीमियर लीगमध्ये नेलं. ब्रेंटफर्डने त्याला घेतलं होतं दहा लाखांच्या आत. एका वर्षात किंमत दुपटीहून वर.

विम्बल्डन मे २००० मध्ये उतरलं, तेही शेवटच्या दिवशी, ज्या तारखेला बारा वर्षांपूर्वी त्यांनी एफए कप जिंकला होता नेमकी तीच १४ मे. आता दोनदा रेलिगेट झालेला डिफेंडर, कोण हात लावेल? तर नुकतंच वर आलेलं इप्सविच ४० लाख पाउंडांच्या आसपास मोजून त्याला घेऊन गेलं. जॉर्ज बर्ली मॅनेजर. आणि त्या सीझनला, २०००-०१ ला, इप्सविच पाचवं आलं. वर चढून आलेली टीम थेट पाचवी, युएफा कपसाठी (युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेसाठी) पात्र. म्हणजे किंमत चढतच गेली बघ, दर रेलिगेशननंतर. ज्यांचे स्वतःचे पैसे जाणार असतात ते मॅनेजर टेबल बघून डिफेंडर घेत नाहीत, हा माणूस रविवारी दुपारी पाऊस पडत असताना, टीम ०-२ मागे असताना काय करतो ते बघून घेतात.

पुढच्या वर्षी इप्सविचवर युरोपचं ओझं पडलं, टीम उतरली, वरून टीव्हीचे पैसे बुडाले आणि क्लब आर्थिक अडचणीत जाऊन प्रशासकाच्या ताब्यात गेला. मार्च २००३ मध्ये त्यांना पैशांसाठी त्याला विकावं लागलं, घेतलं चार्ल्टनने, म्हणजे परत प्रीमियर लीगच. तिथे तो चार सीझन खेळला, २००६ पर्यंत ॲलन कर्बिशलींच्या हाताखाली, २००३-०४ ला चार्ल्टन सातवं आलं. कर्बिशली पंधरा वर्षांनी २००६ मध्ये क्लब सोडून गेले आणि पुढच्या एका सीझनमध्ये क्लबने तीन मॅनेजर बघितले, टीम एकोणिसावी. यात लेफ्ट बॅकचा काय दोष काढणार? आणि मग २००७ ला पोर्ट्समथ, तिथे फ्री ट्रान्सफर.

आणि तिथे १७ मे २००८ आला. वेम्बली, एफए कप फायनल, पोर्ट्समथ १, कार्डिफ ०, कानूचा गोल ३७ व्या मिनिटाला, कार्डिफच्या गोलीच्या हातातून क्रॉस निसटला आणि कानूने आत ढकलला. मागे डेव्हिड जेम्स गोलीत, समोर जॉन्सन, कॅम्पबेल, डिस्टॅन आणि डावीकडे हर्मन, पाठीवर ७ नंबर. लेफ्ट बॅकच्या पाठीवर ७ नंबर मी तरी फार बघितलेला नाही.

ती मॅच मी माझ्या पोरांना दरवर्षी दाखवतो, आणि का दाखवतो ते तुझ्या कामाचं आहे म्हणून इथे जरा थांबतो. तिथला उजवा बॅक ग्लेन जॉन्सन हा वर जाणारा खेळाडू, संधी मिळाली की निघाला. आता एक बॅक वर गेला की दुसऱ्या बाजूच्या बॅकने आत सरकून दोन स्टॉपरांबरोबर (मधल्या डिफेंडरांबरोबर) तिसरा व्हायचं असतं, नाहीतर समोरच्याच्या उलट्या हल्ल्याला मागे दोघेच उरतात. हर्मनला ते सांगावं लागत नव्हतं. कारण तो नुसता बॅक नव्हता, स्टॉपरही होता, इंग्लंडमध्ये आणि आइसलंडच्या टीममध्ये दोन्ही जागी खेळलेला. डाव्या पायाचा, उंच, हेडर चांगला, आणि टॅकलला घाबरत नव्हता, इंग्लिश प्रेक्षक त्याला हर्मिनेटर म्हणायचे ते उगीच नाही. डाव्या पायाचे डिफेंडर मुळातच कमी मिळतात. उजव्या पायाचा माणूस डावीकडे खेळवला की तो दर वेळी बॉल आत घेतो, तेवढ्यात एक सेकंद जातो आणि समोरच्याचा प्रेस, म्हणजे बॉल हिसकायला धावून येणारी माणसं, येऊन पोचतो. डाव्या पायाचा माणूस तोच बॉल पहिल्या टचला लाइनने वर देतो. त्यात तो स्टॉपरही खेळू शकत असेल तर मॅनेजरला एका पगारात दोन माणसं मिळाली. इतक्या वेळा इतक्या क्लबांनी त्याला का उचललं त्याचं निम्मं उत्तर या एवढ्यात आहे. प्रीमियर लीगमध्ये त्याचे तीनशेच्या वर सामने झाले. आइसलंडच्या राष्ट्रीय टीमसाठी ८९ सामने, ५ गोल. पाच वेळा रेलिगेट व्हायचं असेल तर पाच वेळा प्रीमियर लीगमध्ये कुणीतरी घ्यावं लागतं रे, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

पोर्ट्समथचं शेवटचं वर्ष मात्र वाईट गेलं. २००९-१० ला एका सीझनमध्ये चार मालक, पगार थकलेले, प्रशासकाच्या ताब्यात जाणारा प्रीमियर लीगमधला तो पहिला क्लब, नऊ पॉइंट कापले. आणि मार्चमध्ये हर्मनच्या पायाची अकिलीसची शीर, म्हणजे टाचेमागची शीर, तुटली. त्याच वर्षी पोर्ट्समथ पुन्हा एफए कप फायनलला गेलं, चेल्सीकडून ०-१ हरलं, आणि तो मैदानावर नव्हता. ३५ वय, तुटलेली अकिलीस. बहुतेक जण तिथे थांबतात. हा परत आला, खालच्या डिव्हिजनमध्ये पोर्ट्समथसाठी खेळला, मग २०१२ च्या सुरुवातीला कोव्हेंट्रीला गेला आणि तिथून घरी.

आता घर म्हणजे काय ते समजून घेतल्याशिवाय त्याचं कोचिंग समजत नाही. आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर वेस्टमन बेटं आहेत, त्यात लोकवस्तीचं बेट एकच, हेमाए, जेमतेम साडेचार हजार माणसं, मासेमारीवर जगणारी. २३ जानेवारी १९७३ ला मध्यरात्री गावाला लागूनच जमीन फाटली आणि ज्वालामुखी सुरू झाला, एल्डफेल म्हणतात आता त्या डोंगराला. वादळामुळे सगळ्या मासेमारी बोटी नशिबाने बंदरातच होत्या म्हणून पाच हजारांवर माणसं एका रात्रीत पलीकडे नेता आली. शेकडो घरं राखेखाली आणि लाव्ह्याखाली गेली, आणि बंदराचं तोंड बंद होऊ नये म्हणून लोकांनी महिनोन्महिने समुद्राचं पाणी पंपाने लाव्ह्यावर मारलं आणि बंदर वाचवलं. हर्मनचा जन्म १९७४ चा, म्हणजे राख उपसून परत आलेल्या लोकांच्या गावात तो वाढला. त्या काळात आइसलंडमध्ये पोरं खडीच्या मैदानावर खेळायची, गुडघे फुटायचे, हॉलबिल काही नव्हते. २००० नंतर तिथे जी मोठमोठी इनडोअर मैदानं झाली, त्यातून तयार झालेली पिढी २०१६ च्या युरोत इंग्लंडला २-१ हरवून गेली. हर्मन त्याच्या आधीचा. त्याच्या काळात आइसलंड कुठल्याच मोठ्या स्पर्धेला पोचलं नाही, सगळ्यात जवळ आले ते २००४ च्या युरोसाठी, जर्मनीला रेक्याविकमध्ये ०-० रोखलं आणि ग्रुपमध्ये स्कॉटलंडच्या एका पॉइंटने मागे राहिले.

आणि त्याच बेटावर एक दंतवैद्य होता, हेमिर हॉलग्रिम्सन. तोही डिफेंडरच. दात काढता काढता त्याने आयबीव्हीच्या बायकांच्या टीमला शिकवलं, मग पुरुषांच्या टीमला, आणि पुढे राष्ट्रीय टीमचा कोच होऊन २०१८ च्या वर्ल्डकपला अर्जेंटिनाशी १-१ करून आला, नंतर २०२४ मध्ये आयर्लंडचा कोच झाला. साडेचार हजारांच्या गावात हे होतं कारण तिथे कोचिंग ही रिटायर झाल्यावरची सोय समजत नाहीत, नोकरी सांभाळून, खेळत असतानाच लोक युएफाचं बी लायसन्स, ए लायसन्स करतात आणि सहा-सात वर्षांच्या पोरांनाही लायसन्सवाला कोच मिळतो. माझ्या मते तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. डिफेंडर चांगला कोच होतो का? डिफेंडरला एक गोष्ट फुकट मिळते, त्याला नव्वद मिनिटं सगळं मैदान समोर दिसत असतं. फॉरवर्डची पाठ खेळाकडे असते, आपलं तोंड. आपण रोज बोलत असतो, आत ये, डावीकडे सोड, लाइन वर घे. ते बोलणं म्हणजे कोचिंगचीच सवय. पण तेवढ्यावर भागत नाही. बोलायचं कधी आणि गप्प बसायचं कधी, सोमवारी सेशन काय घ्यायचं, सोळा वर्षांच्या पोराला बेंचवर बसवताना काय सांगायचं, हे डिफेंडर असण्याने येत नाही. ते करत करतच येतं, आणि सुरुवातीला चुकतच येतं.

हर्मनचंही तसंच झालं. २०१३ ला तो आयबीव्हीचा मॅनेजर झाला आणि गोलीत कुणाला आणलं तर डेव्हिड जेम्सला, पोर्ट्समथच्या फायनलमधला तोच गोली, चाळिशी ओलांडलेला, इंग्लंडकडून वर्ल्डकप खेळलेला माणूस, जहाजाने बेटावर जाऊन आइसलंडच्या लीगमध्ये खेळला. याचा अर्थ काय ते बघ, ड्रेसिंग रूममध्ये पाच वर्षांपूर्वी जमलेलं नातं एवढं पक्कं होतं की एक फोन पुरला. सीझन मधल्या फळीत संपला आणि हर्मन एका वर्षातच बाजूला झाला. २०१५ ला रेक्याविकच्या फिल्किरला गेला आणि २०१६ ला फिल्किर उतरलं. हे मी लपवून ठेवणार नाही, खेळाडू म्हणून त्याच्या रेलिगेशनचं खापर मी त्याच्यावर फोडत नाही पण मॅनेजर म्हणून उतरलास की जबाबदारी तुझी, तिथे टेबल वाचावंच लागतं.

आता केरळ. डेव्हिड जेम्स २०१४ ला पहिल्याच आयएसएलमध्ये ब्लास्टर्सचा गोली आणि मॅनेजर दोन्ही होता, फायनल आपल्या नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली आणि इंज्युरी टाइममध्ये मोहम्मद रफीकच्या गोलने कोलकाता जिंकलं. जानेवारी २०१८ मध्ये ब्लास्टर्सचे कोच रेने म्यूलनस्टीन मध्येच सोडून गेले तेव्हा क्लबने जेम्सला परत बोलावलं, आणि जेम्सने हर्मनला. बेटावर हर्मन साहेब होता आणि जेम्स हाताखाली, इथे उलटं. असं उलटंसुलटं काम दोघांनी निमूटपणे केलं याचं मला फार कौतुक आहे, कारण आपल्याकडे एकदा चीफ कोच झालेला माणूस असिस्टंट म्हणून उभा राहायला तयार नसतो, मग त्याला काम मिळो न मिळो. तर त्याला का आणलं याचं सरळ उत्तर हे, विश्वासाचा माणूस होता म्हणून आणि डिफेन्सवर काम करणारा होता म्हणून. आइसलंडचाच फॉरवर्ड गुदयोन बाल्डविन्सनसुद्धा त्याच महिन्यात आला.

सुरुवात चांगली झाली. दिल्लीत इयन ह्यूमची हॅटट्रिक, मग १४ जानेवारीला अंधेरीत मुंबई सिटीला १-० हरवलं, परत ह्यूमच. टीम सहावी आली. पुढच्या सीझनला पहिला सामना कोलकात्यात २-० जिंकले, आणि मग डिसेंबर उजाडला तरी एकही विजय नाही. ड्रॉ, ड्रॉ, हार.

१६ डिसेंबर २०१८ ला मी अंधेरीच्या स्टँडमध्ये होतो, चार पोरांना घेऊन रात्रीच्या एसटीने आलो होतो. मुंबई ६, केरळा १. मोदू सुगूने पहिल्या अर्ध्या तासातच हॅटट्रिक पूर्ण केली, एकूण चार मारले. मला मॅचपेक्षा बेंचच जास्त बघावासा वाटत होता. ज्याने आयुष्यभर सुगूसारख्या फॉरवर्डांना खांद्याने ढकललं, तो माणूस लाइनच्या बाहेर आहे आणि समोर आपल्या डिफेन्समागे जागा पडत चाललीय. टीम वर चढून प्रेस करायला बघत होती आणि मागची लाइन मात्र खालीच राहत होती, मधे तीस यार्डांचं रान मोकळं. लाइन आणि प्रेस एकत्र हलले नाहीत की असंच होतं. माझ्यासोबतच्या एका पोराने विचारलं, सर, त्यांना दिसत नाहीये का. मी म्हटलं दिसतंय, पण दिसणं आणि आठवड्याभरात दुरुस्त करणं यात फार अंतर आहे. खेळाडू असताना पाच यार्ड मागे येऊन तू स्वतः ते भोक बुजवू शकतोस, कोच झाल्यावर नाही बुजवू शकत. परतीच्या एसटीत रात्रभर माझ्या डोक्यात तेच होतं. दोन दिवसांनी जेम्स क्लब सोडून गेला आणि हर्मनचा भारतातला मुक्कामही संपला.

मग २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सोल कॅम्पबेलने त्याला साउथएंडला बोलावलं. परत तीच २००८ ची फळी बघ, आधी गोलीने बोलावलं, मग शेजारच्या स्टॉपरने. साउथएंड तेव्हा तिसऱ्या पातळीच्या लीगमध्ये, खेळाडू घेण्यावर बंदी, टीम आधीच तळाला, कोरोनाने सीझन अर्धवट थांबला आणि क्लब उतरला.

आणि आता तो भाग, जो कुणी विचारत नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडहून परत आल्यावर त्याने काय घेतलं, तर थ्रोत्तुर वोगार. केफ्लाविक विमानतळाच्या रस्त्यावर समुद्राकाठी वोगार नावाचं गाव आहे, तेव्हा हजार-तेराशे वस्ती, टीम तिसऱ्या पातळीवर. एफए कप जिंकलेला, ८९ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला माणूस तिथे जाऊन उभा राहिला, दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या पोरांना शिकवायला. आणि २०२१ ला ती टीम क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा दुसऱ्या पातळीवर चढली. ब्रेंटफर्डची आठवण येते की नाही? चोवीसाव्या वर्षी तीन पायऱ्या उतरून परत चढला होता, सेहेचाळिशीत परत तेच केलं. त्यावरून आयबीव्हीने त्याला घरी बोलावलं. २०२२ ला टीम वरच्या लीगमध्ये टिकली, २०२३ ला शेवटच्या दिवशी उतरली. आणि इथे क्लबने त्याला हाकललं नाही. तोही सोडून गेला नाही. २०२४ ला त्याच माणसाने तीच टीम त्या डिव्हिजनमध्ये पहिली आणून परत वर नेली आणि मगच तो बाजूला झाला.

बेटावरची टीम चालवणं म्हणजे काय याचा विचार कर, बाहेरचा प्रत्येक सामना म्हणजे आधी जहाज, मग बस. समुद्र शांत असेल तर पाऊण तासात पलीकडे, खवळला की लांबच्या बंदराने तीन तास, आणि फारच बिघडलं तर सामनाच पुढे. बाहेरचा खेळाडू हिवाळा बघून पळतो. अशा ठिकाणी उतरलेली टीम एका वर्षात वर न्यायची तर डावपेचांच्या आधी माणसं धरून ठेवता यायला लागतात. आणि उतरलेल्या ड्रेसिंग रूममध्ये सोमवारी सकाळी काय वातावरण असतं, कोण डोकं खाली घालून बसतं, कोण एजंटला फोन लावतं, कुणाला जवळ बसवून बोलायला लागतं, हे हर्मनने पाच वेळा आतून बघितलेलं आहे. तू ज्याला त्याचा डाग म्हणतोस, तेच त्याला वेस्टमन बेटांवर उपयोगी पडलं असं माझं ठाम मत आहे. पुढे दुसऱ्या क्लबांनीही त्याला घेतलं, म्हणजे तो उचलणाऱ्यांचा कॉलम अजून वाढतोच आहे.

यशस्वी म्हणायचं का, तर खेळाडू म्हणून निःसंशय हो. कोच म्हणून मी म्हणेन, मोठ्या घाईच्या ठिकाणी, मध्येच जाऊन, दुसऱ्याने बनवलेल्या टीमवर त्याचं जमलं नाही. जिथे त्याला वेळ मिळाला आणि माणसं ओळखीची होती तिथे जमलं. आपल्यापैकी बहुतेकांचं तसंच असतं आणि आयएसएलसारखी लीग, जिथे दहा महिन्यांत कोच बदलतो, ती अशा माणसाला न्याय देत नाही.

तुझ्या लायसन्सचं. आत्ताच कर. दोन सीझन थांबून काही मिळणार नाही, उलट खेळत असताना कोर्स केलास तर शनिवारी शिकलेलं रविवारी स्वतःच्या पायाने करून बघता येतं, पुढे ते होत नाही. डी नंतर सी करायचं तर मध्ये प्रत्यक्ष शिकवण्याचा अनुभव लागतो, तो आत्तापासून जमव, पेठेतली दहा-बारा वर्षांची पंधरा पोरं घे आणि आठवड्यातून दोन दिवस सकाळी साडेसहाला मैदानावर उभा राहा, फी घेऊ नकोस पहिलं वर्ष. आणि तुझ्या स्वतःच्या कोचांची वही कर. हर्मनने कॉपेल, बर्ली, कर्बिशली, रेडनॅप असे एकमेकांपेक्षा पूर्ण वेगळे साहेब बघितले, तूही आत्तापर्यंत चार-पाच तरी बघितले असशील. कोण हाफटाइमला ओरडायचा, कोण बोर्डवर दाखवायचा, कुणामुळे तू सुधारलास, कुणामुळे महिनाभर झोप उडाली, सगळं लिहून काढ. माझ्या एका कोचाने मला सतराव्या वर्षी सगळ्यांसमोर मैदानाबाहेर काढलं होतं आणि कारण कधीच सांगितलं नाही, ते आजही आठवतं, आणि म्हणून मी कुठल्याही पोराला बाहेर काढताना कारण सांगितल्याशिवाय काढत नाही.

आणि कोर्सला जायच्या आधी एक काम. २००८ ची ती फायनल मिळव आणि पहिली वीस मिनिटं बॉल बघू नकोस, फक्त पोर्ट्समथचा ७ नंबर बघ. बॉल उजव्या कोपऱ्यात असताना तो डिस्टॅनपासून किती अंतरावर आहे, त्याचं तोंड कुठे आहे, क्रॉस यायच्या आधी तो मान किती वेळा फिरवतो, ते सगळं मैदानाचं चित्र काढून कागदावर मांड. दहा जागा तरी मिळतील. तो कागद घेऊन एखाद्या रविवारी सकाळी शाहू स्टेडियमला ये, मी सात ते नऊ तिथेच असतो.